साइडपट्टीच नाही, तर गाडी घ्यायची कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रात्री रस्त्यात उभ्या असलेल्या जुन्या मालवाहू गाड्या अपघाताला कारण होतात, म्हणून पंधरा वर्षांवरच्या पिकअप सरसकट भंगारात काढाव्यात, असे एका वाचकाचे पत्र आपल्या पेपरात आले आहे. त्यांचा राग मला समजतो. मोटारसायकलवर बायको-लेकरू घेऊन येणाऱ्या माणसाला अंधारात एकदम कुणाच्या तरी गाडीचा फाळका समोर दिसला, तर त्याच्या तोंडून शिवीच निघणार. पण गाडी बंद का पडते आणि बंद पडलेली गाडी रस्त्याच्या मधोमध का उभी राहते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पत्रलेखकांनी ते एकात गुंडाळले आहेत.

मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार. शेती कोरडवाहू, म्हणून जोडीला पिकअप. दिवाळीनंतर जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस, पुढे तूर आणि हरभरा, उन्हाळ्यात मंडपाचे बांबू आणि लग्नातले आंदण, मृग लागायच्या आधी खताची चुंगडी (पोती). गाडी जुनी आहे, हे मान्य. पण आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस काढावा लागतो, तो माझ्या गाडीचा आहे. विमा आहे, पीयूसी आहे. मागच्या फाळक्यावर चमकणारी लाल पट्टी आणि दोन्ही बाजूंना तशीच पिवळी पट्टी आहे. त्या पट्ट्यांवरची धूळ मी माल भरण्याआधी फडक्याने पुसतो. हमालांना त्याचे हसू येते. कारण पुढे सांगतो.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. वेचणी जोरात होती, गावातल्या दोघा-तिघांचा मिळून बारा-तेरा क्विंटल कापूस भरला, वर जाळी ताणली आणि रात्रीच निघालो, म्हणजे सकाळी जिनिंगच्या रांगेत नंबर पुढचा लागतो. सोबत भाचा. फाट्याच्या अलीकडे चढ आहे, तो चढत असताना बोनेटखाली फट्‌ असा आवाज झाला आणि डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला. फॅनबेल्ट तुटला होता.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच लोक फसतात. बेल्ट तुटला की गाडी लगेच बंद पडत नाही. जुन्या डिझेल इंजिनाचा पंप मेकॅनिकल असतो, तो चालूच राहतो. म्हणून ड्रायव्हरला वाटते, चाललीये ना, गावापर्यंत नेऊ. पण त्या एका पट्ट्यावर तीन कामे असतात. वॉटर पंप थांबतो, इंजिनात पाणी फिरत नाही आणि भरल्या गाडीने चढावर तापमानाचा काटा बघता बघता लालमध्ये जातो. तसेच रेटले तर हेड गॅस्केट जाते आणि खर्च हजारांत. दुसरे, डायनामो थांबतो, चार्जिंग बंद होते. तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट आणि तीच कमी लोकांना ठाऊक असते. अशा बऱ्याच गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप डायनामोच्याच मागे बसवलेला असतो. डायनामो फिरला नाही की व्हॅक्यूम तयार होत नाही. ब्रेकच्या टाकीत साठून उरलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन ब्रेक नीट लागतात, त्यानंतर पेडल दगडासारखे कडक. ब्रेक लागतो, पण दोन्ही पायांचा जोर लावावा लागतो. असा भरलेला पिकअप उतारावर नेणे म्हणजे समोरच्याच्या जिवाशी खेळ. तेव्हा बेल्ट तुटला की तिथेच थांबायचे, दुसरा इलाज नाही.

मी थांबलो. पण कुठे थांबलो? रस्त्यात.

डावीकडे घ्यायला जागाच नव्हती. दोन-तीन वर्षांपूर्वी हा रस्ता सिमेंटचा झाला. रस्ता चांगला आहे, खड्डा नाही, त्याबद्दल तक्रार नाही. पण सिमेंटचा थर वर आला आणि कडेची जमीन, म्हणजे साइडपट्टी, होती तिथेच राहिली. बाजूची नाली खोदताना निघालेली काळी माती कडेला ओढली, रोलर फिरवल्यासारखे केले, फोटो निघाले असतील. पहिल्या पावसाळ्यात ती माती वाहून शेतात गेली. आज सिमेंटच्या कडेपासून खाली कुठे वीतभर, कुठे हातभर उतार आहे आणि त्यावर गाजरगवत आणि वेडी बाभूळ असल्यामुळे दिवसासुद्धा तो दिसत नाही.

आमची काळी माती कशी आहे हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको, पण रस्त्याचे नकाशे काढणाऱ्यांना सांगावे लागेल असे दिसते. उन्हाळ्यात ती आकसते, पाय जाईल अशा भेगा पडतात. पाणी प्यायली की फुगते आणि चाक आत घेते. कापूस तिच्यात येतो तो ती पाणी धरून ठेवते म्हणूनच. जे पिकाला चांगले तेच चाकाला वाईट. भरल्या पिकअपचे डावे चाक तिच्यात उतरवले तर तीनपैकी एक होते: गाडी रुतते, कमानपाट्याचा (चाकावरच्या स्प्रिंगचा) मेन पट्टा तुटतो, नाहीतर वरचा माल कलून गाडी आडवी होते. कापसाची गाडी उंच भरलेली असते, ती कलायला फार लागत नाही. कोणता ड्रायव्हर हे करेल? तो रस्त्यातच उभा राहणार. मीही राहिलो.

आता हिशोब बघा. आमच्याकडचे कित्येक रस्ते ५.५ मीटर रुंदीचे. पिकअपची रुंदी धरा १.७५ मीटर. राहिले ३.७५. एसटी बस अडीच मीटरची, म्हणजे समोरासमोर दोन बस आल्या तर त्यांना ५ मीटर हवेत. एकीला थांबावेच लागते. रस्ता ७ मीटरचा असला तरी ५.२५ उरतात. दिवसा हे जमते, एकमेकांना हात दाखवून लोक काढतात. रात्री डोळ्यांवर समोरचा लाइट असताना हा हिशोब ज्याचा चुकतो तो माझ्या फाळक्यावर येतो. तेव्हा पत्रलेखकांना माझी विनंती, गाडी नवी की जुनी याने त्या ३.७५ मध्ये एका सेंटिमीटरचा फरक पडत नाही.

उलट नवी गाडी बंद पडली तर ती जास्त वेळ उभी राहते. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक नियमाच्या, गाड्या आल्या. धूर कमी, ॲव्हरेज बरे, सगळे चांगले. पण एखादा सेन्सर बिघडला की गाडी ताकद सोडते किंवा बंदच होते आणि मग स्कॅनर (बिघाड दाखवणारे यंत्र) लावणारा माणूस येईपर्यंत ड्रायव्हर नुसता बघत बसतो. आमच्या गावात मेकॅनिक आहे, स्कॅनर नाही. माझ्या गाडीने हवा घेतली, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली, तर फिल्टरवरचा बोल्ट सैल करायचा, हातपंप मारत राहायचे, बुडबुडे थांबून निखळ डिझेल आले की बोल्ट कसायचा आणि सेल्फ मारायचा. हे काम बांधावर मोटारपंप दुरुस्त करणारा कुठलाही पोरगा करतो. जुन्या गाडीचे कौतुक मी करत नाही. परवडली असती तर नवी घेतलीच असती. फक्त भंगारात काढल्याने रस्ता मोकळा होईल, हा समज चुकीचा आहे एवढेच.

तर त्या रात्री. सीटखाली जुना बेल्ट ठेवलेला असतो, नवा टाकला की उतरवलेला जपायचा ही आमच्याकडची रीत. पण इंजिन इतके तापलेले की हात लावता येईना. रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही हे भाच्याला आधी बजावले, कारण तरण्या पोरांना लगेच पाणी ओतायची घाई असते आणि उकळते पाणी तोंडावर येते. हँडब्रेक ओढला, गाडी पहिल्या गिअरला ठेवली, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले. भाच्याला टॉर्च देऊन मागे उतारावर पाठवले, त्रिकोण घेऊन, चांगला साठ-सत्तर पावलांवर. चढाच्या अलीकडे ठेवला, कारण चढाच्या माथ्यावर गाडी असली की मागच्याला ती शेवटच्या क्षणी दिसते.

आणि आता त्या पट्ट्या पुसण्याचे कारण. चार्जिंग बंद असल्यावर पार्किंग लाइट बॅटरीवर चालतो. बॅटरी जुनी असली की तो हळूहळू मंद होतो आणि शेवटी सेल्फ मारायलाही काही उरत नाही. त्रिकोणाला आणि लाल पट्टीला करंट लागत नाही, येणाऱ्याच्याच लाइटवर त्या चमकतात. पण वर धुळीचा थर असेल तर नाही चमकत. कापसाच्या दिवसांत आमच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जातात, मागे ना लाइट ना पट्टी, वर डोंगराएवढा कापूस. त्यांच्याबद्दल पत्रलेखकांनी एक अक्षर लिहिले नाही याचे मला नवल वाटले.

रस्त्याने जाणारे लोक मात्र चांगले. जवळपास प्रत्येक जण वेग कमी करून विचारून गेला. "काऊन भाऊ, काय झालं? डिझेल हाय ना?" एकाने तर पाण्याची कॅन उतरवून ठेवली आणि "परत नको आणू, रायू दे" म्हणून निघून गेला. थोड्या वेळाने गस्तीची गाडी आली. साहेब उतरले, पहिले वाक्य अपेक्षेप्रमाणे: "गाडी साइडला घे, नाहीतर केस करतो." मी म्हटले, "साहेब, घेतो, साइड दाखवा." त्यांनी टॉर्च डावीकडे मारला, बुटाने माती दाबून पाहिली, काही बोलले नाहीत. मग आपली गाडी त्यांनी माझ्या मागे उभी केली आणि वरचा लाल-निळा दिवा चालू ठेवला. इंजिन निवेपर्यंत, बेल्ट चढवून डायनामो ताणून बोल्ट कसेपर्यंत ते थांबले. मला त्यांचा राग नाही, उपकारच आहेत. पण तो दिवा मला दर वेळी मिळणार नाही.

केस करतो म्हणाले ते कायद्याला धरूनच होते. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १२२ सांगते की इतरांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी वाहन ठेवू नये. हे कलम रस्त्यावर प्रत्येक ड्रायव्हरला ऐकवले जाते. त्याच कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले आहे. रस्त्याचे डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे झाली नाही आणि त्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणा, कंत्राटदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड. हे कलम मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेले नाही. १०३३ हा मदतीचा नंबर राष्ट्रीय महामार्गासाठी आहे, आमच्यासारख्या आतल्या रस्त्यावर ११२ फिरवावा लागतो.

आता आम्हा गाडीवाल्यांबद्दल. पत्रलेखकांच्या एका तक्रारीशी मी पूर्ण सहमत आहे, किंबहुना त्यांनी ती फार सौम्य लिहिली आहे. गोटे. गाडी बंद पडली की ड्रायव्हर चाकाला गोटे लावतो, मागे दहा-बारा पावलांवर गोट्यांची ओळ मांडतो, त्यात पळसाची फांदी नाहीतर पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळल्या झाडांचा) भारा खोचतो. एवढ्यापर्यंत ठीक, प्रत्येकाकडे त्रिकोण नसतो. पण गाडी चालू झाली की तो बसतो आणि निघून जातो. गोटे तिथेच. पाला वाळून उडतो, मग नुसते गोटे उरतात, सिमेंटच्या रंगाचे, सिमेंटच्या रस्त्यावर. कारच्या खालून जातात. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला ते जाऊ देत नाहीत. आमच्या भागातल्या एका शिक्षकाचा खांदा असाच मोडला. तिथे बंद पडलेली गाडी नव्हतीच, ती कधीच माल टाकून परत गेलेली.

मी माझे सांगितले, लाकडी ठोकळे. आमच्या सुताराने बाभळीचे करून दिले, एका बाजूने उतरते. दोन्हींना भोक पाडून नायलॉनची दोरी ओवली आणि दोरीचे दुसरे टोक फाळक्याच्या कडीला बांधले. विसरलो तरी ते गाडीमागे खडखडत येतात, रस्त्यावर राहत नाहीत. खर्च नगण्य. गावातल्या बाकी पिकअपवाल्यांना मी हे दाखवले, दोघांनी केले, बाकीचे म्हणाले "पाहू". ज्यांना ठोकळे करायचे नाहीत त्यांनी निदान निघताना गोटे उचलून धुऱ्यावर (बांधावर) टाकावेत. पाच मिनिटे लागत नाहीत. तसेच डिझेल-ऑइल सांडले असेल तर वर माती टाकावी, ती मात्र रस्त्याच्या कडेला भरपूर उपलब्ध आहे.

बाकी उपाय रस्त्याच्या खात्याने करायचा आहे आणि तो महाग नाही. सिमेंटच्या कडेपासून मुरूम भरा. काळी माती नको, मुरूम. थराथराने पाणी मारून रोलर फिरवा आणि सिमेंटच्या पातळीला आणा. मुरूम आमच्या जिल्ह्यात ठिकठिकाणच्या टेकड्यांत आहे. अख्ख्या लांबीला एका वर्षात जमत नसेल तर चढाच्या आधी आणि चढ संपल्यावर एक गाडी पूर्ण उभी राहील एवढा मुरमाचा पट्टा करा, कारण गाड्या बंद पडतात त्या बहुतेक चढावर, लोड येतो तेव्हा. पुलाजवळ करू नका, तिथे आधीच जागा कमी आणि उभ्या गाडीमागून वळणे कठीण. आणि हे काम उन्हाळ्यात व्हावे. दिवाळीनंतर निविदा, मार्चअखेर बिल आणि जूनमध्ये माती वाहून जाणे, हे चक्र आम्ही बघत आलो आहोत.

काम झाल्यावर तपासणीला फक्त टेप लावून रुंदी मोजू नये. पहिला दमदार पाऊस पडून गेला की संबंधित अभियंत्यांनी यावे आणि भरल्या पिकअपचे डावे चाक त्या पट्टीवर उतरवून बघावे. गाडी माझी देतो, माल माझा, डिझेलही माझे.

आपला,
एक पिकअपवाला कास्तकार
ता. दारव्हा, जि. यवतमाळ
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयास कळवला आहे.)